दुर्बिणीला व्याध दाखवताना
लेखांक ६

गेल्या आठवड्यात तिपाई समतल केली, नळी चढवली, फाइंडर जुळवला. आज हॅण्ड कंट्रोलर हातात घ्यायचा. जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरसारखी वेटोळ्याची वायर, वर लाल अक्षरांच्या दोन ओळी, खाली बाण आणि आकडे. दुकानात सांगतात, ‘नाव निवडा, एंटर दाबा, शनी समोर.’ हेच ते गो-टू. सांगणारा खोटं बोलत नाही, फक्त मधला अर्धा तास गाळतो.

या डबीत चाळीस हजारांच्या घरात तारे, तारकागुच्छ, दीर्घिका पाठ असतात. नळी किती अंश फिरली याचाही पक्का हिशेब मोटारी ठेवतात. पण तिला आकाश दिसत नाही. अख्ख्या पुण्यातले पत्ते तोंडपाठ असलेल्या माणसाला डोळे बांधून एखाद्या चौकात उभं करावं, तशी तिची गत. आपण कुठे उभे आहोत हे कळायला तिला दोन खुणा लागतात, आणि त्या आपणच दाखवायच्या. याला अलाइनमेंट म्हणतात.

त्याआधी ती तारीख विचारते. इथेच मी एकदा सपशेल तोंडावर पडलो. वांगणीजवळच्या एका शेतात, ७ फेब्रुवारीला, रात्री आठ वाजता. भोवती पंधरा-वीस माणसं, मी ऐटीत ०७/०२ टाकलं. आधी महिना मग दिवस, ही अमेरिकी रीत मला ठाऊक होती, पण बोटांना नव्हती. कंट्रोलरच्या लेखी २ जुलै उजाडला. रोहिणी डोक्यावर, आग्नेयेला व्याध लखलखतोय, आणि हा मला यादीत स्वाती आणि चित्रा दाखवतोय! व्याध मागितला तर म्हणे क्षितिजाखाली आहे. ‘दादा, ते काय समोर दिसतंय,’ एक पोरगं म्हणालं. तेरा तारखेपासून पुढे ही चूक होत नाही, कारण तेरावा महिना यंत्र घेत नाही. महिन्याचे पहिले बारा दिवस तेवढे जपायचे.

टाइम झोनचा खोडा खास आपल्यासाठी. काही कंट्रोलरांना पूर्ण तासांचेच झोन कळतात, आपला साडेपाच तासांचा फरक त्यांच्या गावीही नसतो. अशा वेळी झोन युनिव्हर्सल टाइम ठेवायचा आणि घड्याळातून साडेपाच तास वजा करून वेळ द्यायची. रात्रीचे आठ म्हणजे १४:३०. पहाटे साडेपाचच्या आत निरीक्षण असेल तर तारीखही आदल्या दिवसाची. गावाचे अक्षांश-रेखांश देताना फोन १८.५२ दाखवतो म्हणून १८ अंश ५२ मिनिटं टाकू नका. दशांशाला साठाने गुणायचं, म्हणजे पुण्यासाठी १८ अंश ३१ मिनिटं. अर्थात ही चूक फारशी नडत नाही, दोन ताऱ्यांची अलाइनमेंट ती पोटात घालते. पूर्वेऐवजी पश्चिम रेखांश दिलात तर मात्र कंट्रोलर पृथ्वीच्या पाठीमागचं आकाश धुंडाळत बसेल.

आता तारे. पडद्यावरची नावं आजीने शिकवलेली नसतात. सिरियस म्हणजे व्याध, कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय, अल्डेबरान म्हणजे रोहिणी, स्पायका म्हणजे चित्रा, आर्क्टुरस म्हणजे स्वाती. ही चिठ्ठी कंट्रोलरच्या पाठीला चिकटवून टाका. फेब्रुवारीत रात्री आठला रोहिणीचा मोह होतो, पण ती आपल्याकडे जवळजवळ माथ्यावर असते. तिथे नळी सरळ उभी राहते, आणि आडवा कोन थोडा चुकला तरी कळत नाही. ध्रुवही नको, पुण्या-मुंबईहून तो जेमतेम अठरा-एकोणीस अंश वर, बहुधा धुरकटात. मी व्याध आणि ब्रह्महृदय घेतो. एक आग्नेयेला, एक उत्तरेला, मध्ये साधारण ६६ अंश. हे अंतर कंट्रोलरलाही पाठ असतं. ब्रह्महृदय समजून तुम्ही भलताच तारा दाखवलात, तर तो अलाइनमेंट फसली म्हणून मोकळा होतो.

आधी रेटचं बटण दाबून ९. मोटारी मिक्सरसारख्या घरघरतात, शेतातली कुत्री भुंकतात. तारा फाइंडरच्या मधोमध आला की एंटर. मग आयपीसला डोळा लावून हळू वेगाने नेमका मध्ये आणायचा आणि अलाइन. नेक्स्टार कंट्रोलरवर रेट ६ किंवा त्याखाली गेला की वरच्या-खालच्या बाणांनी मोटार उलट्या दिशेला फिरते. बिघाड समजू नका. आयपीसमधून बघताना वरचा बाण दाबल्यावर तारा वरच सरकावा अशी ती सोय आहे.

आणि या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी खुबी. शेवटची सरकवासरकवी फक्त वरच्या आणि उजव्या बाणाने करायची. तारा पुढे निघून गेला तर मुद्दाम मागे न्यायचा आणि पुन्हा वर-उजवीकडूनच मध्ये आणायचा. कारण दातेरी चाकांमध्ये थोडी ढिलाई असते. दिशा बदलली की मोटार काही क्षण नुसती फिरते, नळी हलत नाही. प्रत्येक वेळी एकाच बाजूने आलं की दाते एकाच अंगाला टेकलेले राहतात आणि हिशेब जुळतो. नवखे लोक इथे घाई करतात आणि मग ‘गो-टू नेम धरत नाही’ म्हणून मोटारींना शिव्या घालतात.

दोन तारे झाले की मृगातला तेजोमेघ मागा, एम ४२. माझ्या दुर्बिणीचं नाभीय अंतर १५०० मिलिमीटर. १० मिलिमीटरच्या आयपीसने १५० पट वर्धन मिळतं आणि आकाशाचा जेमतेम २० कलांचा तुकडा दिसतो. मोटार बंद असेल तर तेजोमेघातला तारा ८० सेकंदांत या टोकाकडून त्या टोकाला जाऊन नाहीसा होतो, कारण पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. मोटार चालू असली की पंधराही माणसांनी रांगेने बघावं. कृत्तिका मात्र मागू नका. त्यांचा पसारा चंद्राच्या तिप्पट-चौपट. २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्येही त्या मावत नाहीत आणि माणसं विचारतात, ‘बाकीच्या कुठे गेल्या?’ त्या फाइंडरमधूनच दाखवाव्यात.

मध्येच पडद्यावर ‘नो रिस्पॉन्स १६’ किंवा ‘१७’ आलं तर आधी वायर आणि बॅटरी बघा. १६ म्हणजे आडव्या मोटारीकडून उत्तर नाही, १७ म्हणजे उभ्या. पेन्सिल सेल गो-टूच्या मोटारींना फार वेळ पुरत नाहीत. १२ व्होल्टची बॅटरी घ्या.

रात्र संपताना मेनूत हायबरनेट निवडलं तर यंत्र अलाइनमेंट लक्षात ठेवतं आणि दुसऱ्या संध्याकाळी थेट कामाला लागता येतं. अट एकच, दुर्बीण तसूभरही हलता कामा नये. त्या शेतात मी हे मोठ्या विश्वासाने केलं. पहाटे मालकाची गाय आली, तिपाईला मनसोक्त अंग घासून गेली. संध्याकाळी पुन्हा व्याधापासून.