बसवलेल्या दातालाही रोज दोरा हवा

जुन्नर-आंबेगावच्या बचत गटांत बसलो की आम्हाला ऐकू येतं, "इम्प्लांट बसवलंय, आता त्याला कीड थोडीच लागणार?" कीड लागत नाही, हे खरं. पण तो दात जबड्याच्या हाडातल्या टायटॅनियमच्या स्क्रूवर उभा असतो. कडेला भाकरीचा, मेथीचा कण अडकून राहिला की जंतूंचा थर धरतो, हिरडी सुजते आणि हळूहळू आतलं हाड झिजतं. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून उशिरा कळतं. मग दात हलतो आणि पै पै साठवून केलेला खर्च पाण्यात जातो.

दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोचत नाही. म्हणून रात्री झोपताना दातांचा दोरा, म्हणजे फ्लॉस, फटीतून हळूच सरकवा आणि दाताच्या कडेला टेकवून वर-खाली फिरवा. हिरडीत जोराने घुसवू नका. शिवणाचा दोरा नको, टाचणी तर नकोच. फट मोठी असेल तर फटीत जाणारा बारीक ब्रश चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

आणि मिसरी? ती भाजलेली तंबाखूच. ती दात राखत नाही, हिरडी आणि हाड खचवते.

हिरडीतून रक्त किंवा पू आला तर दुखायची वाट पाहू नका. लगेच दंतवैद्याला दाखवा.