तबला आणि गणिताचे गुण

वाद्य शिकल्याने मुलांची बुद्धी वाढते, हा क्लासचालकांचा लाडका दावा पुराव्यापुढे फारसा टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांच्या २००४च्या प्रयोगात टोरांटोतली सहा वर्षांची १४४ मुलं होती. संगीत शिकणाऱ्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा किंचित जास्त वाढला; सामाजिक वर्तन सुधारलं ते मात्र नाटक शिकणाऱ्यांचं. साला आणि गोबे या संशोधकांनी २०२०मध्ये ५४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रयोगाची आखणी जितकी काटेकोर, तितका हा फायदा शून्याजवळ गेलेला दिसला.

मग तबला शिकवायचा कशाला? बुद्ध्यंकासाठी किंवा गणिताच्या गुणांसाठी नाहीच. तीनतालाच्या १६ मात्रांत कायदा, म्हणजे बोलांची ठरावीक रचना, आधी ठाय (संथ) लयीत, मग दुगुणीत, चौगुणीत वाजवायचा असतो. घाई केली की बोल पुसट होतात, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकते, आणि जरा तयार झालेल्या मुलाला ती चूक गुरुजींनी टोकण्याआधीच ऐकू येते. पुन्हा लय उतरवून तोच बोल घोटणं, हे त्याचं खरं शिक्षण. बुद्धिबळ आणि पोहणंही चिकाटी शिकवतात, हा आक्षेप बराचसा मान्य. पण साथीला बसल्यावर दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय हात चालवता येत नाही. एकल वादनातसुद्धा लेहऱ्याकडे, म्हणजे ताल धरून पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीकडे, कान लागतोच. अर्थात, परीक्षेपुरते ठरावीक कायदे पाठ करून घेणाऱ्या क्लासात यातलं कितपत घडेल, याची शंकाच आहे. प्रमाणपत्र तेवढं वेळेवर मिळतं.