उसाच्या रुळांवरून बेटाची फेरी : सेंट किट्सची साखरगाडी

आजचा भाग एका छोट्या गाडीबद्दल आहे.

क्रूझचं एक गणित असतं. जहाज सकाळी बेटाला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधे हातात सात-आठ तास. बहुतेक लोक बंदरासमोरच्या दुकानांत फिरतात नाहीतर बीच गाठतात. आम्ही कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर उतरलो आणि थेट रेल्वेत बसलो. सोबत आई-बाबा होते. बाबा माढा तालुक्यातले, आयुष्यभर ऊस केलेला माणूस. त्यामुळे ही ट्रिप माझी कमी आणि बाबांची जास्त झाली.

बास्टेअर ही बेटाची राजधानी. जहाज तिथंच लागतं. गाडी सुटते ती जवळच्या नीड्समस्ट स्टेशनवरून. बाबांनी डबे बघितलेच नाहीत, आधी रूळ बघितले. म्हणाले, "अरे, ही तर आपली बार्शी लाईट!"

मी हसलो, पण नंतर तपासलं तर बाबा बरोबर होते. या रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. 1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेचंही तेवढंच होतं. बाबा लहानपणी त्याच गाडीने कुर्डुवाडीहून पंढरपूरला जायचे. रूळ जवळजवळ असले की वळणं तीव्र घेता येतात, पूल आणि भराव लहान लागतात, खर्च कमी होतो. माल हलवायचाय पण पैसा बेताचा आहे, अशा ठिकाणी जगभर हा उपाय केला गेला.

इथला माल म्हणजे ऊस. बेटाच्या मधोमध ज्वालामुखीचे डोंगर आहेत. सगळ्यात उंच लिआमुइगा, 1156 मीटर. शेती होती ती डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या उतारावर. सतराव्या शतकापासून युरोपियन मळेवाल्यांनी इथं ऊस लावला आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून तो करून घेतला. ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी कायद्याने संपायला 1834 साल उजाडलं. या गाडीचा इतिहास सांगताना हे गाळून चालणार नाही.

आधी प्रत्येक मळ्याचं स्वतःचं गुऱ्हाळ असायचं. पवनचक्कीवर नाहीतर वाफेवर चालणारा चरक, मोठ्या काहिली, उंच धुराडं. ती पडकी धुराडी आजही गाडीतून दिसतात. पुढे युरोपात बीटपासून साखर निघायला लागली, भाव पडले आणि छोटी गुऱ्हाळं परवडेनाशी झाली. मग 1912 मध्ये बास्टेअरला एकच मोठा कारखाना सुरू झाला.

आता खरी अडचण. ऊस तोडला की घड्याळ सुरू होतं. एक-दोन दिवस पडून राहिला तरी साखरेचा उतारा घटतो. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या रांगेत अडकलेल्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. बेटभरचा ऊस एकाच कारखान्यात वेळेत पोचवायचा कसा? उत्तर होतं ही रेल्वे. 1912 ते 1926 या काळात टप्प्याटप्प्याने ती बेटाभोवती फिरली. डोंगरावरून समुद्राकडे उतरणाऱ्या खोल घळींमुळे वाटेत पुलांमागून पूल येतात. गंमत म्हणजे इथं या घळींना जो शब्द आहे, त्याचं स्पेलिंग आपल्या घाटासारखं आणि उच्चार 'गट'.

पर्यटकांची गाडी 2003 मध्ये सुरू झाली. साधारण 29 किलोमीटर रेल्वेने आणि उरलेले 19 बसने, असा बेटाचा पूर्ण वेढा तीन तासांत होतो. डबे दुमजली आहेत. वर उघडी गच्ची, खाली एसी आणि मोठ्या काचा. प्रत्येकाला दोन्हीकडे जागा असते, त्यामुळे सीटवरून भांडण नाही. वेग तासाला पंधरा किलोमीटरच्या आसपास. उजवीकडे अटलांटिक, डावीकडे डोंगर. मधेच गाणारी मंडळी डब्यातून फिरतात, वाद्यांशिवाय नुसत्या गळ्यावर गातात. आईने तर त्यांच्याबरोबर ताल धरला.

बाबा मात्र शेताकडे बघत होते. रुळांच्या कडेला ऊस उभा होता, पण रानटी, गवतात मिसळलेला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "याची तोड का नाही झाली?"

कारण तोडणारं कुणी नाही आणि गाळणारा कारखानाही नाही. साखर बनवायचा खर्च विक्रीच्या भावापेक्षा जास्त व्हायला लागला होता. युरोपकडून मिळणारा चढा हमीभावही कमी होणार होता. 2005 चा हंगाम संपला आणि सरकारने हा उद्योग बंद केला. साडेतीनशेहून जास्त वर्षं चाललेलं पीक एका हंगामात थांबलं. बाबा काही बोलले नाहीत. पुढचे दोन पूल नुसते बघत राहिले.

आता माझ्यातला इंजिनिअर बोलतो. आमच्या कामात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. म्हणजे अख्खी सिस्टिम एकाच गोष्टीवर उभी; ती पडली की सगळं पडतं. या बेटासाठी ती गोष्ट साखर होती. रूळ वाचले, कारण साखर जायच्या दोन वर्षं आधी त्यांना दुसरा माल मिळाला होता : आपण, म्हणजे पर्यटक. पण तोही एकाच जागेवरून येतो. जहाज लागलं तर गाडी भरते. 2020 मध्ये जगभरच्या क्रूझ थांबल्या, तेव्हा हे किती नाजूक आहे ते दिसलं. ऊस असो की पाहुणे, या रुळांचं काम बदललेलं नाही. ठरलेल्या वेळेत माल बंदराजवळ परत आणायचा.

आणि वेळेवरून आठवलं, आमची कशी फजिती होणार होती ते ऐका. आम्ही हिवाळ्यात फ्लोरिडाहून निघालो होतो. सेंट किट्स तेव्हा एक तास पुढे असतं. जहाजाने आदल्या रात्री घड्याळ पुढे केलं होतं. माझा फोन एअरप्लेन मोडवर, म्हणजे जुन्याच वेळेवर. सकाळी केबिनमधल्या टीव्हीवर वेळ दिसली आणि मी उडालोच. धक्क्यावर पोचायला वीस मिनिटं उरली होती. आई चहा अर्धा टाकून निघाली, ते मला अजून ऐकवते.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जहाज कोणती वेळ पाळतंय ते रोज विचारा आणि साधं मनगटी घड्याळ त्यावर लावा. फोन नेटवर्क पकडून स्वतःहून वेळ बदलतो किंवा बदलत नाही. दोन, तिकीट जहाजाकडून घेतलं आणि उशीर झाला, तर जहाज सहसा थांबतं. स्वतः बाहेरून घेतलं तर थांबत नाही, तेव्हा हाताशी निदान दोन तास मोकळे ठेवा. तीन, भारतीय पासपोर्ट असेल तर प्रत्येक बंदराचे व्हिसाचे नियम बुकिंगच्या आधी बघा.

परतीच्या बसमध्ये ब्रिमस्टोन हिलचा किल्ला दिसला. युनेस्कोच्या यादीतला आहे. मी फोटो काढत होतो, बाबा मात्र अजून उसातच होते. म्हणाले, "आपल्याकडे कारखाना बंद पडला तर लोक शेजारच्याला ऊस घालतात. यांना शेजारच नव्हता रे, चारी बाजूंनी पाणी."

या बेटाबद्दल इतकं नेमकं मला कुठल्या गाइडबुकात सापडलं नसतं. तुमच्या घरी कुणी बार्शी लाईटने गेलं असेल तर त्यांना आज फोन करा आणि विचारा. भेटू पुढच्या भागात!