देवमाशाचा खुरधारी आप्त

देवमाशांचे पूर्वज जमिनीवर राहत, हे आता सर्वमान्य आहे. ते पाण्यात का उतरले, याचा महत्त्वाचा दुवा जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे मिळाला. तेथील जीवाश्मांवरून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी १९७१ मध्ये 'इंडोह्यूस' ही प्रजाती नोंदविली. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा खुरधारी प्राणी जेमतेम मांजराएवढा होता. त्याच्या कानाचे हाड देवमाशासारखे असल्याचे २००७ मध्ये हान्स थेविसन यांच्या पथकाने दाखविले. पायांची जड हाडे पाण्यातील वावर सुचवितात. दात मात्र मासे खाणाऱ्याचे नाहीत. त्यामुळे हे प्राणी भक्ष्यासाठी नव्हे, तर शत्रूपासून बचावासाठी प्रथम पाण्यात शिरले असावेत. आफ्रिकेतील पिसोरी हरीण आजही धोका दिसताच पाण्यात बुडी मारते.