बिल्ला लावला म्हणून गाडी ‘आरएस’ होत नाही

गैरसमज : ‘आरएस’ म्हणजे साधीच ऑक्टाव्हिया. इंजिन रिमॅप करा, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवा, मागे बिल्ला चिकटवा, झाली आरएस.

भातसानगरपासून आसनगावपर्यंत कुठेही सेकंडहँड गाड्यांचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. कितीही वेळा खोडून काढा, पुढच्या गाडीच्या सौद्यात ते पुन्हा हजर असतं. त्या बिल्ल्यापायी गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं, म्हणून हे नीट सांगायला हवं.

वस्तुस्थिती : स्कोडाची ऑक्टाव्हिया 2001 पासून आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला तयार होऊ लागली. भारतात पहिली आरएस, म्हणजे तिची जास्त ताकदीची आवृत्ती, 2004 मध्ये आली. तिचं इंजिन 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल, ताकद 150 पीएस. रस्त्यावर सर्रास दिसणारी डिझेल ऑक्टाव्हिया तेव्हा 90 पीएसची होती. हा फरक बिल्ल्याने भरून निघत नाही.

गैरसमजाला थोडा आधार मिळाला तो 2011 मध्ये. ऑक्टाव्हियाची पुढची पिढी भारतात ‘लॉरा’ नावाने विकली जात होती. त्या वर्षी आलेल्या लॉरा आरएसमध्ये साध्या लॉराचंच 1.8 टीएसआय, 160 पीएसचं इंजिन होतं. युरोपातल्या त्याच पिढीच्या आरएसला 2 लिटरचं 200 पीएसचं इंजिन मिळत होतं. म्हणजे ‘इंजिन तेच’ हे म्हणणं लॉरापुरतं खरं आहे. पण एका गाडीवरून सगळ्या घराण्याला तोच नियम लावणं चूक.

कारण 2017 ची ऑक्टाव्हिया आरएस पाहा. 2 लिटर, 230 पीएस, 350 एनएम टॉर्क. साधी 1.8 टीएसआय होती 180 पीएस आणि 250 एनएमची. ‘मग रिमॅप करून तेवढी ताकद काढू की!’ असं लगेच उत्तर येतं. इंजिनातून ती निघेलही, पण पुढे ती झेलणार कोण? साध्या 1.8 ऑटोमॅटिकचा सात गियरचा डीएसजी गियरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे आणि तो साधारण 250 एनएमच्या बेताने बनवलेला आहे. आरएसमध्ये सहा गियरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा वेगळाच गियरबॉक्स आहे. कसारा घाटात ट्रकांमागे रांगत जाताना कोरडा क्लच आधीच तापतो, त्यात रिमॅपचा जादा भार टाकला की गियरबॉक्सचं आयुष्य घटतं. आरएसची ताकद, गियरबॉक्स, ब्रेक आणि सस्पेन्शन एकमेकांच्या हिशेबाने बसवलेले असतात. रिमॅपने यातली एकच गोष्ट बदलते.

शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. विमा कंपनीपासून असा बदल लपवला, तर अपघातानंतर दावा अडचणीत येतो.

इतर गैरसमज, थोडक्यात

*‘आरएस ही जाहिरातवाल्यांची अक्षरं.’* नाही. स्कोडाची 130 आरएस ही रॅलीसाठीची गाडी 1970 च्या दशकातली. 1977 च्या माँटे कार्लो रॅलीत तिने आपला गट जिंकला होता.

*‘कंपनी जर्मन आहे.’* मालकी जर्मन फोक्सवॅगन समूहाची, कंपनी चेक. ऑक्टाव्हिया हे नाव तर 1959 पासूनचं.

*‘ही पक्की सेडान.’* दिसायला सेडान, पण डिकीच्या झाकणाबरोबर मागची काचही वर उचलली जाते.

*‘सगळ्या आरएस इथेच बनल्या.’* 2020 ची 245 पीएसची आरएस 245 आणि ऑक्टोबर 2025 ची 265 पीएसची आरएस या दोन्ही पूर्ण तयार होऊन परदेशातून आल्या. पहिलीच्या 200 गाड्या, दुसरीच्या फक्त 100. दुसरीची शोरूम किंमत 49.99 लाख होती.

*‘ताशी 250 किलोमीटरची गाडी समृद्धीवर 250 नेच पळवायची.’* जून 2025 पासून आपल्या शहापूर तालुक्यातूनही खुल्या झालेल्या या महामार्गावर कारसाठी कमाल मर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे. ती बिल्ला पाहून वाढत नाही.

खरी आरएस ओळखायची कशी? आरसी मागा आणि इंजिनाची सीसी वाचा. 2004 च्या काळातली खरी आरएस 1781 सीसीची, त्या वेळची साधी पेट्रोल 1984 ची आणि डिझेल 1896 ची. 2017 ची आरएस 1984 सीसीची, तिच्या काळातली साधी पेट्रोल 1395 किंवा 1798 ची. लॉरात सीसी सारखीच, म्हणून तिथे मॉडेलचं पूर्ण नाव तपासा. 2021 नंतरच्या साध्या ऑक्टाव्हियाचीही सीसी 1984 च आहे, पण त्या पिढीत 2025 आधी भारतात आरएस विकलीच गेली नाही. त्यामुळे 2021 किंवा 2022 च्या गाडीवर आरएसचा बिल्ला दिसला, तर तो नंतर लावलेला आहे.

साधी ऑक्टाव्हिया ही उत्तम गाडी आहे. ती जरूर घ्या, पण साध्या गाडीच्याच भावात घ्या. आणि कुणी आरएस म्हणून भाव सांगितला, तर टोकन देण्याआधी आरसी हातात घ्या.