पाहुणे यायच्या आधी

पहाटे ५.१५
कोजागरी होऊन चार दिवस झालेत. नाशिकच्या इंदिरानगरातून गाडी काढली तेव्हा चंद्र पश्चिमेला चांगलाच वर होता. द्वारका चौक ओलांडला, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलो. चांदोरीच्या पुढे उसातून गार वारा आला. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

सकाळी ६.२०
चापडगाव. इथला पक्षी-गाईड रस्त्यावर उभाच होता. खांद्यावर ट्रायपॉड, गळ्यात दुर्बीण, खिशात वही. थंडीत पर्यटकांना पक्षी दाखवतो. कोणी आलं तर फी, नाही तर नाही. सध्या आठवडाभर कोणी फिरकलेलं नाही. टपऱ्याही बंद. "काका, चहा घरूनच आणलाय," म्हणाला.

६.४०
मनोऱ्यावर चढलो. खाली नांदूरमध्यमेश्वरचं पाणी. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. शंभराहून जास्त वर्षं गाळ येत राहिला. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं उभी राहिली, पाणगवत माजलं. साठवणीला गाळ नको असतो, पक्ष्यांना तोच हवा. १९८६ साली हे अभयारण्य झालं. २०२०च्या जानेवारीत रामसर यादीतलं महाराष्ट्राचं पहिलं पाणथळ म्हणून नाव जाहीर झालं.

जांभळ्या पाणकोंबड्या गवतात खुडबुडतायत. हळदीकुंकू बदकांची जोडी जवळून गेली. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपका. नाव कुणी ठेवलं असेल, त्याने नीट बघून ठेवलंय.

७.१०
"आले," तो हळूच म्हणाला आणि स्कोप माझ्याकडे वळवला. मला नुसती मळकट तपकिरी बदकं दिसली. ही भुवई बदकं, उत्तरेकडून आलेली. पण नराची पांढरी भुवई आत्ता दिसत नाही, या दिवसांत त्याची पिसंही मादीसारखीच असतात. मग ओळखायचं कसं? "उडू द्या." दहा मिनिटं थांबलो. वरून दलदली ससाणा गेला आणि थवा उठला. पंखाच्या पुढच्या भागावर निळसर राखाडी पट्टा चमकला. त्याने वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहिला. नऊ. हे लिहायला त्याला कोणी सांगितलेलं नाही, याचे पैसेही मिळत नाहीत.

८.४५
त्याच्या घरी बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा. स्कोप कापडात गुंडाळून आईच्या कपाटात गेला. तिथनं छाटणीची कात्री निघाली. कानशीने धार लावली. बायकोने डोक्याला रुमाल बांधला, हातमोजे पिशवीत टाकले. एका गाडीवर दोघं. पेट्रोल शंभराचं.

९.३०
निफाडच्या बाजूला द्राक्षबाग. गोडी छाटणी चालू आहे. तो पुढे, ती मागे. तो काडी धरतो, डोळे मोजतो, कट. पुढची काडी. ती डोळे फुटवणाऱ्या पेस्टचा डबा घेऊन राखलेल्या डोळ्यांना लावत येते. पेस्टमध्ये रंग कालवलेला असतो, म्हणजे कुठला डोळा राहिला ते कळतं. अंगावर सांडली तर कातडी भाजते. म्हणून उन्हातसुद्धा हातमोजे काढायचे नाहीत. आत घाम साचतो.

दुपारी १.००
बांधावर डबा. मालकाशी बोलणं एकच: ढग आले तर काय? आज छाटलेल्या काडीला फेब्रुवारीत माल येणार. तोवर तिकडे पाण्यावर गर्दी असेल आणि तो पुन्हा मनोऱ्यावर.

संध्याकाळी ५.१५
काम सुटलं. त्याला सहाशे, तिला चारशे. किराण्याचे दोनशे दुकानात दिले. मुलाच्या वहीचे चाळीस.

५.५०
उजेड आहे तोवर पाण्यावर एक चक्कर मारायची होती. पण आधी हौदावर गेला. साबणाने हात धुतले, नखं घासली. पुन्हा साबण लावला. पेस्टचा हात भिंगाला लागता कामा नये. बायकोने पाणी ओतलं. हात कोरडे पुसून मग त्याने कापड सोडलं.

६.०५
मनोऱ्यावरून भुवई बदकं मोजली. अकरा. दोन वाढली.