आईसोबत मुलगा, बापासोबत मुलगी : स्वच्छतागृहाचे दार कोणते?

आई लहान मुलाला किंवा बाप लहान मुलीला घेऊन प्रवासाला निघाला, की सार्वजनिक स्वच्छतागृहापाशी ‘पुरुष’ आणि ‘महिला’ या दोन पाट्यांमधून एक निवडावी लागते. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून एसटीने लातूर, उदगीर किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात बसवकल्याणला जाणाऱ्यांना ही निवड बसस्थानकावरच करावी लागते. गाडीत सोय नसते आणि मुलाला शू लागली म्हणून गाडी वाटेत थांबेलच असे नाही.

आईचे त्यातल्या त्यात निभते. चार-पाच वर्षांचा मुलगा महिलांच्या बाजूला आला तर बायका समजून घेतात, आणि तिथे प्रत्येक खोलीला दार असते. खरी पंचाईत बापाची होते. पुरुषांच्या बाजूला मुताऱ्या उघड्या आणि ओळीने असतात. मुलीला त्यांच्यासमोरून संडासापर्यंत न्यावे लागते. फरशी ओली, दाराची कडी तुटलेली, पिशवी अडकवायला खुंटी नाही, असे असेल तर एका हाताने दार धरायचे आणि दुसऱ्याने लेकीला सावरायचे. म्हणून कित्येक बाप बाहेरच थांबून एखाद्या अनोळखी बाईला विनवतात, “मावशी, हिला जरा आत नेता का?” मावशी बहुधा नेतातही. पण तेवढा वेळ मूल परक्याच्या हाती आणि नजरेआड राहते. बापावर ही वेळ येऊच नये.

कितव्या वर्षापर्यंत सोबत न्यावे? एसटीने तिकिटापुरते वय ठरवले आहे : पाच वर्षांखाली मोफत, पाच ते बारा अर्धे तिकीट. स्वच्छतागृहाच्या दारावर असे काही लिहिलेले नसते. जपानमध्ये सार्वजनिक स्नानगृहांसाठी तशी मर्यादा आहे. टोकियोने 2022 मध्ये ती 10 वरून 7 वर्षांवर आणली. मात्र तिथे सगळेच उघड्याने स्नान करतात. दार लागणाऱ्या संडासासाठी वयाइतकेच मुलाचे जमणे पाहावे : नाडी सोडता येते का, आतून कडी लावता आणि काढता येते का. मूल लाजू लागले की त्याचे ऐकावे. मग पालकाने दाराबाहेर उभे राहून अधूनमधून हाक मारत राहणे बरे.

स्वच्छतागृहांचा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. ‘मिळून साऱ्याजणी’ या पुण्याच्या मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये महिलांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे उभारण्याचा आदेश दिला. तो महापालिकांना होता. निलंग्यात मात्र नगरपरिषद आहे, म्हणून तो इथे थेट लागू होत नाही. शिवाय तो महिलांच्या सोयीपुरता होता. अमेरिकेत मात्र 2016 च्या कायद्याने केंद्र सरकारच्या सार्वजनिक इमारतींत पुरुषांच्या बाजूलाही बाळाचे कपडे बदलण्याची सोय सक्तीची केली. बापही मूल सांभाळतो, हे त्यात गृहीत धरले आहे.

खरा उपाय तिसऱ्या दाराचा आहे : आतून बंद होणारी, कुणालाही वापरता येणारी एक स्वतंत्र खोली. अपंगांसाठीच्या रुंद दाराच्या स्वच्छतागृहात हे काम भागते, मात्र पहिला हक्क अपंग व्यक्तीचा राहिला पाहिजे आणि दाराला कुलूप नको. नातवाला नेणारी आजी, आजारी बायकोला आधार देणारा नवरा, म्हाताऱ्या आईला नेणारा मुलगा यांनाही तीच खोली उपयोगी पडते. तिच्यात भक्कम कडी, नळाला पाणी, खुंटी, दिवा आणि बाळाला निजवायला एक फळी एवढे पुरते.